सल्लागार समितीची सातवी खुर्ची

आदरणीय साडूभाऊ यांस,

धाकट्या साडूचा कृतानेक नमस्कार. (‘साष्टांग’ लिहिणार होतो, पण गुडघ्यांनी हरकत घेतली आणि या पत्रापुरतं तरी खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे.) आम्ही इकडे सर्व खुशाल. तुमची खुशाली पत्राने विचारणं म्हणजे खरं तर ढोंगच. आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि त्या रोज सकाळी अकराला फोनवर बसतात त्या पाऊण तास उठत नाहीत. त्यामुळे तुमच्या रक्तदाबाचा आकडा मला माझ्या आकड्याआधी कळतो. तुम्ही साखर सोडलीत, गच्चीवर टोमॅटो लावलेत, त्यातली तीन रोपं जगली, आणि घरी बोलका पाहुणा आला की तुम्ही डाव्या कानाचं यंत्र हळूच काढून खिशात ठेवता, हे सगळं मला ठाऊक आहे. (शेवटचं ऐकून मी पोट धरून हसलो होतो. त्या हसण्याबद्दल पुढे लिहायचं आहे.) तरी रीत म्हणून विचारतो, प्रकृती कशी आहे?

आपण नऊ वर्षं बोललो नाही. म्हणजे मी बोलत होतोच, तुमच्याशी नव्हतो एवढंच. भाचीच्या लग्नातला तो मोठा फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. मध्ये अख्खं कुटुंब, एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला मी. एखाद्या लांबलचक वाक्याला दोन्हीकडून कंस घालावेत तसे. हे पत्र पाहून तुम्ही म्हणाल, या तोफेला आज पत्र लिहायची बुद्धी कशी झाली? तर काम आहे. तुम्ही माणूस स्पष्ट, म्हणून मीही स्पष्टच सांगतो. पण काम सांगण्याआधी ते कसं उपटलं हे सांगायला हवं, आणि तुम्हाला मध्येच उठून जाता येणार नाही असा मला मिळालेला हा पहिलाच प्रसंग आहे.

झालं असं की सरकारने जाहिरात दिली. विमान वाहतूक सुरक्षा सल्लागार समितीवर सात सामान्य नागरिक हवेत. विमानतळावर तपासणी कशी व्हावी, माणसांना कसं वागवावं, कुठला नियम कामाचा आणि कुठला नुसताच जाचाचा, यावर त्यांनी दोन वर्षं सरकारला सल्ला द्यायचा. काम स्वयंसेवी. मानधन नाही, तिकीट नाही, गाडी नाही. बैठकीत चहा मिळेल. जाहिरात तीनदा छापून आली आणि अर्ज आला एक. तोही अशा गृहस्थाचा, ज्यांचं लहानपणी वैमानिक व्हायचं राहून गेलं होतं; विमान उडवायला मिळणार नाही हे कळल्यावर त्यांनी तो मागे घेतला. तेव्हा समितीच्या सचिवबाई माझ्याकडे आल्या. बाई लहानशा चणीच्या, आवाज त्याहून लहान, आणि खांद्याला अर्जांनी भरलेली एवढी मोठी पिशवी की बाईंना पिशवीने आणलं की पिशवीला बाईंनी, असा प्रश्न पडावा. म्हणाल्या, “लोक तुमचं ऐकतात असं ऐकलंय.” आता साडूभाऊ, असं वाक्य कुणी माझ्या दारात येऊन टाकलं, तर पुढे काय होतं ते तुम्ही जाणताच.

मी वाचनालयाच्या वरच्या सभागृहात व्याख्यान ठेवलं. विषय: ‘पहारा कोणाचा?’ एक तास वीस मिनिटं बोललो. (मला स्वतःला ते त्रोटक वाटलं.) मी म्हणालो, ज्या समाजात नागरिक पहारेकऱ्याला प्रश्न विचारत नाहीत, त्या समाजात पहारेकरी हळूहळू मालक होतो. मी म्हणालो, सुरक्षा ही वरून ओतायची गोष्ट नव्हे, ती खालून उगवावी लागते. साडूभाऊ, हे मला आजही पटतं, एक अक्षर मागे घेणार नाही. व्याख्यान संपलं तेव्हा एक्केचाळीस हात वर होते. सचिवबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी पिशवीतून अर्ज काढले. प्रत्येक अर्ज तेवीस पानांचा. त्यावर शंका निघू लागल्या. सदस्यांना तपासणीच्या रांगेतून सूट असेल का? बाई म्हणाल्या, नाही, सदस्यांची दोनदा तपासणी होईल. निदान विमान आतून बघायला मिळेल का? बाई म्हणाल्या, बैठका चौथ्या मजल्यावर होतात, तिथून खिडकीतून दिसतं, आभाळ स्वच्छ असेल तर. यानंतर पाच मिनिटांत सभागृहात सहा माणसं उरली, आणि एक पंखा.

ती सहा म्हणजे माझी नेहमीचीच सहा. तुम्ही त्यांना ओळखत नाही. निवृत्त मुख्याध्यापिका, ज्या आजही माझ्या भाषणातल्या चुका लाल शाईने टिपून घेतात. कोपऱ्यावरचे घड्याळजी, जे दर व्याख्यानाची वेळ मोजतात आणि मला सांगत नाहीत. दातांचे डॉक्टर, शिंपी, आणि छापखान्याचे दोघे भाऊ, ज्यांचा आयुष्यात एकमेकांशी मतभेद झालेला नाही आणि म्हणून ज्यांचं मत काय आहे हे कुणाला कळलेलं नाही. सहा ते आणि सातवा मी. गणसंख्या पुरी झाली. सचिवबाईंनी त्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत आमच्यासाठी सात खुर्च्या मांडल्या. (सातही निरनिराळ्या जातीच्या. सातवी फिरती होती आणि तिच्यावर बसलं की ती माणसाला आपोआप खिडकीकडे वळवत असे. ती मी घेतली.)

आता चूक ऐका. ती माझीच आहे आणि मला तिचा त्या वेळी फार अभिमान होता. प्रत्येक अर्जदाराने, दहा वर्षांहून जास्त ओळख असलेल्या आणि नात्यात नसलेल्या दोन माणसांची नावं आणि शिफारस द्यायची होती. सगळ्यांच्या कपाळावर आठ्या. मी म्हटलं, यात काय एवढं? आपण गोल टेबलाभोवती बसलो आहोत. प्रत्येकाने एक डावीकडचा लिहावा, एक उजवीकडचा. पाच मिनिटांत काम फत्ते. शिफारशीचा मजकूरही मीच सांगितला: ‘अर्जदार निर्भीड, निःस्पृह व निष्कलंक आहे.’ शिंप्याने विचारलं, तिन्ही लिहायचे? म्हटलं, तिन्ही.

पंधरा दिवसांनी पडताळणी अधिकाऱ्यांनी बोलावलं. किडकिडीत गृहस्थ, समोरच्याकडे बघून बोलायची सवय नाही, सगळं बोलणं कागदाशी. त्यांनी विचारलं, “हे अर्ज एकत्र बसूनच भरलेत ना?” म्हटलं, हो, गोल टेबलाभोवती. “दिसतंय,” ते म्हणाले. मग भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर त्यांनी सात ठिपके काढले आणि कोणी कोणाची शिफारस केली त्याच्या रेघा मारल्या. सुबक गोल तयार झाला. बाहेरून एक रेघ आत येत नव्हती आणि आतून एक बाहेर जात नव्हती.

“आमच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकात हे चित्र आहे,” ते म्हणाले. “पान अठ्ठ्याऐंशी.”

“कसलं चित्र?” छापखान्याच्या दोघांनी एकदमच विचारलं.

“ज्यांना एकमेकांशिवाय कुणी ओळखत नाही, अशा टोळीचं.”

दातांचे डॉक्टर हसले, आणि एकटेच हसतोय हे कळल्यावर तोंड मिटून बसले. मुख्याध्यापिकाबाईंनी सातही अर्ज पुढ्यात ओढले. “छत्तीस वर्षं मी मुलांची कॉपी पकडली हो,” त्या म्हणाल्या, “आणि आज सात पेपरांत एकच वाक्य, आणि त्यातला एक पेपर माझा!” मी उठून बोलायला लागलो. नागरिकांचा अवमान, संशयाचं राज्य वगैरे. अधिकाऱ्यांनी मला शांतपणे बोलू दिलं आणि म्हणाले, “सर, तुम्हाला हजारो लोक ओळखत असतील. त्यांतला फक्त एक आणा. जो तुमच्या सभेला येत नाही, पण तुम्हाला जाणतो. या सगळ्यांना एकत्र आणणारे तुम्ही. तुमच्यापाशी वर्तुळ उघडलं की सगळ्यांचं काम होईल. महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत. नाहीतर समिती रद्द समजायची, आणि मग सल्ल्याचं काम जे तपासणीची मशिनं विकतात त्यांच्याच तज्ज्ञांकडे जाईल. तसं पत्र तयारच आहे.”

घरी आलो आणि जुन्या डायऱ्या काढल्या. चाळीस वर्षांच्या. नावं खूप. ज्यांनी सभा ठरवल्या ते संयोजक: ओळख एका संध्याकाळची. ज्यांनी स्टेशनवर उतरवून घेतलं ते: ओळख अर्ध्या तासाची. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांचे चेहरे मला कधी दिसलेच नाहीत, कारण व्यासपीठावर उजेड असतो आणि खाली अंधार. तीन दिवस शोधत होतो. मला जाणणारा, पण माझं ऐकून न घेणारा, असा एकही माणूस मला सापडेना. चौथ्या दिवशी तुमच्या मेहुणीने, म्हणजे माझ्या पत्नीने, भाजी निवडता निवडता म्हटलं, “भाऊजी आहेत की.”

मी ताडकन म्हटलं, ते नात्यात येतात. ती म्हणाली, विचारून तरी बघा. विचारलं. अधिकाऱ्यांनी नातेवाइकांची छापील यादी काढली. त्यात आईबाप होते, भावंडं होती, सासूसासरे, दीर, नणंद, मेहुणा, सावत्र आणि दत्तक सगळे होते. बायकोच्या बहिणीचा नवरा नव्हता. त्यांनी वरच्या कार्यालयाला लेखी विचारलं. उत्तर आलं, ‘सदर नाते अस्तित्वात असल्यास कळवावे.’ म्हणजे, साडूभाऊ, सरकारच्या लेखी आपण एकमेकांचे कोणीही लागत नाही. नऊ वर्षं आपण हेच तर सिद्ध करत होतो.

तरीही मी पत्र लिहिलं नाही. लाज वाटत होती, असं म्हणणार होतो; पण खोटं लिहायचं नाही असं वर कबूल केलं आहे. लाज नव्हती वाटत. राग होता. माझी ती पितळी सुरी तुम्ही विमानतळावर सगळ्यांदेखत ट्रेमधून उचलून बाजूला ठेवलीत, याचा राग. राज्य पातळीच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळालेली, पत्रं फोडायची सुरी. मी सत्कारावरून परत येत होतो, ती हातातल्या बॅगेत होती, आणि रांगेच्या तोंडाशी गणवेशात तुम्ही. मला वाटलं, आपलाच माणूस आहे. तुम्ही म्हणालात, “हे आत नेता येणार नाही.” बस. ना ‘अरे’, ना ‘अहो’. त्यानंतर मी तिथे जे भाषण केलं ते नागरिकाच्या स्वातंत्र्यावरचं माझं सर्वोत्तम भाषण होतं असं मी नऊ वर्षं सांगत आलो. तुम्ही गप्प उभे राहिलात आणि हात पुढे करून, तळहात वर करून, मला ‘बाजूला या’ एवढंच खुणावत राहिलात. त्या हाताची नक्कल मी पुढे प्रत्येक व्याख्यानात केली. ‘पुतळ्याने हात पुढे केला, जणू माझ्याकडे भीकच मागतोय!’ या वाक्याला हमखास हशा येतो. यायचा.

गेल्या गुरुवारी आम्हा सात उमेदवारांना विमानतळावर परिचयासाठी नेलं. आधी आमची दोनदा तपासणी झाली. (शिंप्याच्या अंगावर बावीस टाचण्या निघाल्या. त्याला त्यांतल्या एकोणीसच माहीत होत्या.) मग एका प्रशिक्षक बाईंनी आम्हाला एक्स-रे मशीनच्या पडद्यासमोर बसवलं. पस्तिशीच्या असतील, केस घट्ट बांधलेले, बोलणं मोजकं. म्हणाल्या, “वीस मिनिटं बघा. वीसच. त्यानंतर डोळा बघतो पण दिसत नाही, म्हणून आम्ही माणूस बदलतो.” बॅगांची रंगीत भुतं पडद्यावरून सरकू लागली. नारिंगी, हिरवी, निळी. चपला, बाटल्या, वह्या, कुणाच्या औषधांच्या गोळ्या मण्यांसारख्या. मशीन मध्येच एखाद्या बॅगेत धोकादायक वस्तूचं खोटं चित्र घुसवतं, ते ओळखायचं असतं. दातांच्या डॉक्टरांनी दोन ओळखली, मुख्याध्यापिकाबाईंनी पाचपैकी पाच. माझी पाळी आली. मी वीस मिनिटं डोळे फाडून पाहिलं आणि शेवटी बाईंनी पडदा थांबवला. “हे सुटलं तुमच्याकडून.” मला तिथे एक छत्री दिसत होती. त्यांनी बॅग फिरवल्यासारखं चित्र फिरवलं, आणि छत्रीच्या काडीला लागून उभी असलेली बारीक रेघ आडवी झाली. सुरी होती. चांगली वीतभर.

“धारेवर उभी असली की ती दिसतच नाही,” बाई म्हणाल्या. “आमचे जुने सर सांगायचे, एका बाजूने पाहून माणसाबद्दल आणि बॅगेबद्दल मत बनवू नका. फिरवून बघा.” आणि पुढच्या उमेदवाराला बोलवायला त्यांनी हात पुढे केला. तळहात वर.

साडूभाऊ, तो हात मी शेकडो वेळा केला आहे. मला तो ओळखू येणार नाही?

मुख्याध्यापिकाबाईंनीच विचारलं, असा हात का करता हो? बाई म्हणाल्या, तेही सरांचंच. माणसाला बोट दाखवायचं नाही. बोट दाखवलं की माणूस आरोपी होतो, तळहात दाखवला की पाहुणा. मग आपणहून सांगत राहिल्या. सर फार चांगले होते, पण नऊ वर्षांपूर्वी कुणी एक भाषणबाज प्रवासी आला. एक सुरी होती त्याच्याकडे. सर म्हणाले, मोठ्या सामानात घालून देतो, नाहीतर टपालाने घरी पाठवतो, तो ऐकेचना. सतरा मिनिटं रांग अडवून बोलत राहिला, लोक टाळ्या वाजवत राहिले. अकरा जणांचं विमान सुटलं. त्यातल्या एका बाईंची बहीण दवाखान्यात होती. सरांनी त्यांना स्वतः धावपळ करून पुढच्या विमानात बसवलं. त्या प्रवाशाचं नाव लिहिलं असतं, तर त्याच्यावर खटला झाला असता. सरांनी नाव लिहिलं नाही. “अहवाल मीच टाइप केला होता,” बाई म्हणाल्या. “एकच ओळ होती. ‘प्रवाशास नियम समजावून सांगण्यात माझ्याकडून उशीर झाला.’” त्यानंतर सरांना खाली तळघरात पाठवलं, सामानाच्या पट्ट्यांवर. सहा वर्षं, निवृत्तीपर्यंत. तिथे दिवसभर घरघर असते, बोललेलं ऐकू येत नाही. “सरांचा डावा कान तिथेच गेला,” त्या म्हणाल्या. (ज्याच्या यंत्रावर मी पोट धरून हसलो होतो, तोच हा कान.)

माझ्या त्या सहा जणांना सुरीचा किस्सा तोंडपाठ आहे. हशा कुठे येतो तेही त्यांना पाठ आहे. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. घड्याळजी आपल्या मनगटाकडे बघत राहिले. छापखान्याच्या भावांपैकी एकजण म्हणाला, “सतरा मिनिटं,” आणि दुसरा, आयुष्यात प्रथमच, त्याला म्हणाला, “गप्प बैस.”

घरी येऊन मी पत्नीला विचारलं, तुला ठाऊक होतं? होतं, म्हणाली. तळघर? होतं. कान? होतं. मग मला का नाही सांगितलंस? तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाली, “तुम्ही कधी विचारलंत?”

मी दोन दिवस विचार केला. (बोलता बोलता नव्हे, गप्प बसून. सवय नसल्याने मान दुखली.) पहाऱ्याला प्रश्न विचारलाच पाहिजे, हे माझं मत आजही ठाम आहे. पण प्रश्न विचारणारा उत्तराला थांबतो. मी टाळ्यांना थांबलो. आयुष्यभर सत्तेविरुद्ध बोललो म्हणून छाती फुगवतो, पण त्या दिवशी त्या रांगेत सत्ता कोणाकडे होती? तुमच्याकडे गणवेश होता आणि तोंडात दोन-तीन साधी वाक्यं. माझ्याकडे आवाज होता आणि बाजूने शंभर माणसं. आणखी एक सांगून टाकतो. पाच वर्षांपूर्वी वाचनालयातल्या सभेत तुम्ही शेवटच्या रांगेत येऊन बसला होतात. वर मी लिहिलं की व्यासपीठावरून चेहरे दिसत नाहीत. तुमचा दिसला होता. तरी मी किस्सा सांगितला, हातासकट. हशा ओसरला तेव्हा खुर्ची रिकामी होती. त्या रात्री मी घरी ‘सभा छान झाली’ असं सांगितलं.

तेव्हा आता काम. पडताळणी अधिकाऱ्यांना माझ्याविषयी बाहेरच्या माणसाचं खरं मत हवं आहे. तुमच्याइतकं खरं मत दुसऱ्या कुणाकडे नाही. सोबत मोठं पाकीट जोडलं आहे. ते वाचा आणि तुमच्या मनाला येईल ते करा. ताईंना नमस्कार, टोमॅटोच्या तिन्ही रोपांना आशीर्वाद.

तुमचा, सरकारी यादीप्रमाणे कोणीही नसलेला,
धाकटा साडू

ता. क. १: पाकिटात माझी शिफारस मागणारा कागद शोधाल तर सापडणार नाही. मी माझा अर्ज सोमवारी मागे घेतला. सोबत आहे तो तुमचा अर्ज. तेवीसपैकी बावीस पानं मी भरली आहेत (तपशील तुमच्या मेहुणीने फोनवरून गोळा केले, ताईंना वाटलं विम्याचं काम आहे). ज्यांनी त्या रांगेच्या तोंडाशी कधी एक दिवस काढला नाही अशी सात माणसं तिथल्या माणसांबद्दल सल्ला देणार होती, आणि हे मला, इतकं वाचन असून, दिसलं नव्हतं. धारेवर उभं होतं. तेविसाव्या पानावर सही करा. शुक्रवार शेवटचा. दोन फोटोही लागतात; ते मी कुठून आणू? माझ्याकडच्या एकुलत्या फोटोत तुम्ही अर्धे फ्रेमखाली गेला आहात.

ता. क. २: शिफारस करणारे दोघे: एक त्या प्रशिक्षक बाई (तुमची ओळख अकरा वर्षांची), त्यांनी उभ्या उभ्या सही केली. दुसरा मी. ‘निर्भीड, निःस्पृह व निष्कलंक’ लिहिलेलं नाही. ‘अर्जदाराशी आपला कधी वाद झाला आहे काय?’ या प्रश्नाखाली लिहिलं आहे: ‘होय. चूक माझी होती.’ अधिकाऱ्यांनी ते वाचून प्रथमच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे घारे आहेत.

ता. क. ३: सुरी जप्त झाली असं मी सगळीकडे सांगितलं. ती आठव्या दिवशी टपालाने घरी आली होती, कापसात गुंडाळून, पावतीसकट, पत्ता तुमच्या अक्षरात. नऊ वर्षं माझ्या टेबलावर आहे. तुमचं उत्तर आलं तर त्याच सुरीने फोडीन. नाही आलं तरी ती तिथेच राहील, समोर.

(खालचं अक्षर माझं आहे, यांचं नव्हे.) भाऊजी, नमस्कार. हे पत्र यांनी मला तीनदा मोठ्याने वाचून दाखवलं आहे, चौथ्यांदा ऐकायची ताकद माझ्यात नाही, म्हणून आजच टाकते. एक गोष्ट यांनी लिहिली नाही. परवाच्या रविवारी वाचनालयात हे उभे राहिले, सुरीचा किस्सा पहिल्यापासून सांगितला, जसा झाला तसा, हाताची नक्कल न करता. कुणीही हसलं नाही. मग खाली बसले. घड्याळजी म्हणाले, चार मिनिटं. लोकांना वाटलं यांना बरं नाही, एकाने पाणी आणून दिलं. बाकी, विम्याचं काम आहे यावर ताईचा एक क्षणही विश्वास बसला नव्हता. मी मंगळवारीच तिला सगळं सांगितलं, आणि तिने तुम्हाला. ती म्हणाली, तुम्ही सगळं ऐकलंत, कानाचं यंत्र काढलं नाहीत. आणि दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडलात, ते फोटो काढून आलात. दोन लागतात म्हणून सांगितलं होतं. तुम्ही तीन काढलेत म्हणे. तिसरा यांना हवा असेल तर पाकिटात घाला. आमच्याकडे भिंतीवर जागा आहे.